मल्हारराव महाराजांना कोणता कायदा लागू होता?

पालघर-बोईसरवरून जाणारा लोहमार्ग पुढे बडोद्याला पोहोचतो. बडोदे म्हटले की आपल्याला आठवतात ते १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव महाराज. पण त्यांच्या आधी गादीवर कोण होते आणि ते पायउतार कसे झाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते होते मल्हारराव गायकवाड. जन्म १८३१ चा. थोरले भाऊ खंडेराव यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून ते काही वर्षे पादरा येथे कैदेत होते. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कालचा कैदी महाराज झाला. ज्याने कैद भोगली तो न्यायाने वागेल, असे वाटावे. घडले उलटे. भावाच्या माणसांचा छळ, शेतकऱ्यांवर जाचक सारा, बायकांना बळजबरीने वाड्यात बटीक म्हणून राबवणे, अशा तक्रारींचा ढीग पडला. १८७३ साली इंग्रजांनी चौकशी केली आणि महाराजांना सुधारण्याची मुदत दिली.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आढळला. आता मुदत नव्हती. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. पण खटला कुठे चालवायचा? राज्यातली न्यायालये महाराजांचीच, आणि इंग्रजांच्या न्यायालयांचा अधिकार बडोद्याच्या राजावर चालत नव्हता. म्हणून सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, तीन हिंदी : ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील आले. त्यांनी उलटतपासणीत साक्षीदारांच्या जबान्या खिळखिळ्या केल्या. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले, तिघा हिंदी सदस्यांच्या मते गुन्हा सिद्ध झाला नाही.

मग सरकारने विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केले. मद्रासला नजरकैदेत १८८२ साली ते वारले. इकडे मे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव.

याला न्याय म्हणायचे का? नाडलेल्या बायकांना, नागवलेल्या शेतकऱ्यांना राजाविरुद्ध कोणतेच न्यायालय नव्हते. रयत रडली तेव्हा राजाला मुदत मिळाली, साहेबाच्या पेल्यापर्यंत विष पोहोचले तेव्हा बेडी आली. राजा कायद्याच्या वर होता आणि त्याच्याही वर होती ती फक्त अधिक बलाढ्य सत्ता.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात अनुच्छेद ३६१ आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर फौजदारी कारवाई करता येत नाही, परंतु ती फक्त पदावर असेपर्यंत. पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांना तेवढेही कवच नाही. २०१७ मध्ये बाबरी मशीद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदामुळे राजस्थानचे तत्कालीन राज्यपाल कल्याण सिंह यांना वगळले होते. २०१९ मध्ये पद सुटताच त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले, तो निकाल कुणाला पटो वा न पटो.

संरक्षण खुर्चीला आहे, माणसाला नाही, हा यातला फरक आहे. तारापूरच्या कारखान्यातल्या कामगाराला जो कायदा पकडतो, तोच खुर्चीवरून उतरलेल्यालाही पकडू शकला पाहिजे. कुणी हे कवच कायमचे करू पाहील, तेव्हा मल्हाररावांच्या वाड्यातल्या त्या बायकांची आठवण ठेवून आपण विरोधाला उभे राहिले पाहिजे.