गिरणीतला अण्णा, वाटेगावचा फकिरा

कामगारांची कादंबरी म्हटली की मॅक्झिम गॉर्कीची ‘आई’ आठवते. मराठीत मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ आहे. पण गिरणीत स्वतः राबलेला लेखक शोधायचा तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही. वाळवे तालुक्यातील वाटेगावी, १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. हेच पुढे अण्णा भाऊ साठे झाले.

त्यांचे शिक्षण अवघे दीड दिवसाचे, असे वक्ते जयंतीला मोठ्या कौतुकाने सांगतात आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. मांगवाड्यातल्या पोराला दीड दिवसात शाळा सुटते, ही त्याची थोरवी कशी? तो त्या काळच्या गावाचा हिशेब आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हे मला अधिक टोचत असेल.

पोटासाठी साठे कुटुंब पायी मुंबईस निघाले. अण्णा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. मुंबईत त्यांनी ओझी वाहिली, मिळेल ती मजुरी केली, गिरणीत काम केले. अक्षरे शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. कम्युनिस्ट चळवळीत आल्यावर वाचन वाढले, गॉर्की आवडू लागला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गावच्या तमाशाचा बाज त्यांच्या अंगात होताच. तोच त्यांनी कामगारांच्या मैदानात आणला. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घरोघर पोहोचली.

आता एक गोष्ट मला नवलाची वाटते. ह्या गिरणी कामगाराची सर्वांत गाजलेली कादंबरी गिरणीची नाही. ‘फकिरा’ (१९५९) आहे वारणेच्या खोऱ्याची. दुष्काळ, उपासमार, इंग्रज सरकारची हजेरी, आणि लोक जगावेत म्हणून खजिना लुटणारा फकिरा. कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. प्रस्तावना सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले.

काहींना वाटेल, कामगार लेखक गावाकडे का वळला? माझे आजोबा परळला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. ते आजही गिरणीच्या आधी दुष्काळाचे सांगतात. विहीर आटली म्हणून गाडीत बसलो, म्हणतात. माझ्या मते गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वी काय घडले, ते ‘फकिरा’त आहे. माणूस चाळीत का आला, हे कळल्याशिवाय चाळ कळत नाही.

१९६१ सालीच अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. राहणे मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतले. तिथल्या माणसांवर त्यांनी कथा लिहिल्या. तीसहून अधिक कादंबऱ्या नावावर असूनही हातात पैसा टिकला नाही. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते मुंबईत वारले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

आपल्या ग्रंथालयात ‘फकिरा’ची एकच प्रत आहे. पाने सुटली आहेत, आणि तीही मिळायची तर नाव नोंदवून थांबावे लागते.