विष्णू वासुदेव नारळीकर
विष्णू वासुदेव नारळीकर (२६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर – १ एप्रिल १९९१, पुणे) हे भारतीय गणितज्ञ आणि व्यापक सापेक्षता सिद्धान्ताचे अभ्यासक होते. भारतात या विषयाच्या संशोधनाची परंपरा रुजविणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे पुत्र होत.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण
कोल्हापूर व मुंबई येथील शिक्षणानंतर ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेतील यशामुळे ते रँग्लर नारळीकर म्हणून ओळखले जाऊ लागले. आर्थर एडिंग्टन यांच्या सहवासात त्यांना सापेक्षता सिद्धान्ताची गोडी लागली.

बनारस येथील कार्य
परदेशात संशोधन पुढे चालू ठेवणे शक्य असतानाही पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्या वेळी त्यांचे वय २४ वर्षांच्या आसपास होते. व्यापक सापेक्षतेला त्या काळी निरीक्षणांचा आधार थोडा होता आणि जगभरातच तिचे अभ्यासक मोजके होते. अशा विषयासाठी त्यांनी बनारसमध्ये विद्यार्थी घडविले. १९६० पर्यंत ते तेथे कार्यरत होते.

कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये मांडलेली उकल ताऱ्याभोवतीचे अवकाश रिकामे मानते. प्रत्यक्षातील तारा मात्र प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते. नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारे प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये अशा प्रकाशमान ताऱ्याच्या गुरुत्वीय क्षेत्राची उकल प्रसिद्ध केली.

प्रकाशशंकू, कृष्णविवर आणि श्वेतविवर
अवकाशकालातील एखाद्या घटनेपासून निघणारे सर्व प्रकाशकिरण मिळून तिचा भविष्यकालीन प्रकाशशंकू तयार होतो. कोणतीही वस्तू प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नसल्याने त्या घटनेचा परिणाम या शंकूबाहेर पोहोचत नाही. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ हे शंकू केंद्राकडे झुकतात. घटनाक्षितिजावर शंकूची बाहेरची कडाही बाहेर जात नाही, ती क्षितिजालगतच राहते. क्षितिजाच्या आत संपूर्ण शंकू केंद्राकडे वळलेला असतो, म्हणून तेथून प्रकाशही सुटत नाही. हेच कृष्णविवर होय. हेच चित्र कालाच्या उलट दिशेने पाहिल्यास शंकू बाहेरच्या बाजूस झुकलेले दिसतात. अशा श्वेतविवरातून प्रकाश व द्रव्य बाहेर पडू शकते, परंतु बाहेरून आत काहीही जाऊ शकत नाही. श्वेतविवराचे अस्तित्व अद्याप निरीक्षणाने सिद्ध झालेले नाही.

वैद्य यांनी १९५३ मध्ये आपली उकल नव्या रूपात मांडली. त्यात ताऱ्यापासून बाहेर जाणाऱ्या प्रकाशशंकूंनाच कालमापनाचा आधार केला आहे. एका शंकूवर वस्तुमान तेच राहते. एका शंकूवरून नंतरच्या शंकूवर जाताना ते घटते. प्रकाशाची दिशा आतल्या बाजूस केली, की तीच समीकरणे आत पडणाऱ्या प्रारणाने वाढणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करतात. बाहेर जाणाऱ्या प्रारणाची मूळ उकल भूतकाळाकडे वाढविल्यास ती श्वेतविवराशी जोडली जाते. कृष्णविवर हा शब्द रूढ होण्यापूर्वीची ही उकल पुढे गुरुत्वीय अवपाताच्या अभ्यासात जगभर वापरली गेली.

उत्तरायुष्य
बनारस सोडल्यावर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६६ ते १९७३ या काळात ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक होते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्यापक सापेक्षता व गुरुत्वाकर्षण विषयक भारतीय संघटनेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. पुण्यात त्यांच्याकडे सापेक्षता शिकलेले नरेश दधीच यांनी जयंत नारळीकर व कृष्णा अप्पाराव यांच्यासह १९७४ मध्ये श्वेतविवरांतून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बनारसमध्ये प्रकाशमान ताऱ्यापासून सुरू झालेला विचार अशा रीतीने पुढील पिढीपर्यंत पोहोचला.