मातीची कैफियत मांडणारे जोतीराव

मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद एवढ्यावर महात्मा फुल्यांची आपली ओळख बहुधा थांबते. शेतातली माती का खालावते याचा त्यांनी केवढा विचार केला होता, हे आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या गावीही नसते.

जोतीराव १८२७ साली पुण्यात फुलमाळ्याच्या घरी जन्मले. लहानपणी शाळा सुटली तेव्हा काही काळ ते मळ्यात राबले, मग मिशनच्या शाळेत गेले. १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज सर्वांना ठाऊक आहे. पोटासाठी त्यांनी ठेकेदारी केली. मांजरीला जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायतही केली. तेव्हा १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला तो ऐकीव माहितीवर नव्हे.

या ग्रंथातले सावकार व कारकून सर्वांच्या लक्षात राहतात. माती मात्र राहत नाही. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले कीटक कुजून पावसाबरोबर खाली येतात व शेताला खत मिळते, पण बांध नसले तर ते सारे नाल्यात वाहून जाते, हे त्यांनी हेरले. जंगल खात्याने गायराने घेतली, गुरे घटली, शेणखत आटले. जमीन आलटून पालटून पडीक ठेवण्याचीही सोय उरली नाही. उपाय त्यांनी रोखठोक सुचवला: रिकाम्या बसलेल्या फौजेला व पोलिसांना ताली-बंधारे घालायला लावावे, म्हणजे पाणी शेतात मुरेल. (आजही हे वाचून साहेबमंडळी दचकतील!) 'दीनबंधू'त पहिले दोन भाग आले, पुढचे छापायला संपादक धजले नाहीत.

त्यांची आणखी एक मागणी भंडाऱ्याच्या वाचकाने तरी थांबून वाचावी. नदीनाल्यांतला व तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. आपला हा तलावांचा जिल्हा. कोहळी पाटलांनी बांधलेल्या तलाव-बोड्यांवर धानाच्या बांध्या पिकल्या. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कितीतरी तलावांत गाळ साचत राहिला. त्यामुळे पाणी कमी मावते. आणि तीच कसदार माती वरच्या बर्डी-खर्डीच्या हलक्या जमिनीला हवी असते. गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना महाराष्ट्रात २०१७ साली आली, म्हणजे 'असुडा'नंतर १३४ वर्षांनी.

१८८८ साली मुंबईच्या सभेत त्यांना 'महात्मा' पदवी मिळाली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी पुढचा ग्रंथ लिहिला. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. मग सावित्रीबाईंनी त्यांच्या अस्थी आणून त्याच खड्ड्यात ठेवल्या.