निरोप पोचावा म्हणून मांडलेले पंचेचाळीस डाव

मैत्रिणींनो, बुद्धिबळ शिकणारं एखादं पोर तुमच्या घरात असेल तर त्याच्या तोंडून ‘नायडॉर्फ’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते आहे एका ज्यू माणसाचं आडनाव. त्याची गोष्ट मला कळली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज तीच सांगते.

जन्म १९१० चा, पोलंडमधल्या वॉर्साजवळच्या गावातला. १९३९ मध्ये तो पोलंडच्या संघातून ऑलिंपियाड खेळायला बोटीनं अर्जेंटिनाला गेला. बायको, मूल, आईवडील, चार भाऊ, सगळे मागे. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला हिटलरनं पोलंडवर हल्ला केला. संघाला रौप्यपदक मिळालं, पण परतायचं कुठे? हा तिथेच राहिला. भाषा येत नाही, हातात पैसा नाही, आणि घरची काही खबर नाही!

मग त्यानं काय केलं? पटाकडे न बघता, एकाच वेळी अनेकांशी खेळायचं ठरवलं. जगात विक्रम झाला की बातमी युरोपातल्या पेपरांत छापून येईल, घरचं कुणी जिवंत असेल तर वाचेल, आपण इथे आहोत हे त्यांना कळेल. एवढाच हिशेब. १९४३ मध्ये रोझारिओ शहरात चाळीस डाव खेळला. १९४७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत पंचेचाळीस! विचार करा, एका पटावर बत्तीस सोंगट्या, असे पंचेचाळीस पट नुसते मनात मांडलेले. जवळजवळ चोवीस तास हे चाललं. एकोणचाळीस जिंकले, चार बरोबरीत, हरला फक्त दोन. हा विक्रम २०११ पर्यंत टिकला.

उत्तर मात्र आलं नाही. घरचे सगळे नाझींच्या हातून मारले गेले होते.

अशा वेळी माणूस कोलमडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो मात्र मोयशेचा मिगेल झाला, अर्जेंटिनाचा नागरिक झाला, विम्याच्या धंद्यात चांगला पैसा कमावला, पुन्हा लग्न केलं, दोन मुलींचा बाप झाला. लिलियाना या मुलीनं पुढे त्याच्यावर पुस्तकही लिहिलं. बडबड्या, खेळताना एका जागी न बसणारा गडी! १९५० मध्ये पहिल्यावहिल्या ग्रँडमास्टरांच्या यादीत त्याचं नाव आलं. साठाव्या वर्षी, माजी जगज्जेता ताल याच्याशी चार डावांत बरोबरी केली. पुढे पेपरात बुद्धिबळाचं सदर लिहायचा, आणि ऐंशी उलटल्यावरही पटापासून हलला नाही. १९९७ मध्ये स्पेनमध्ये गेला, सत्त्याऐंशीव्या वर्षी.

त्याच्या नावाची ती चाल, म्हणाल तर अगदी साधी. काळ्यानं पाचव्या खेळीला कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवायचं. फिशर, कास्पारॉव्ह आणि आपला आनंदही ती खेळला.