कल्पनेला गणिताची कसोटी : कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की

अंतराळप्रवासाच्या कथा आणि चित्रपट आमच्या विद्यार्थ्यांना मोठी भुरळ घालतात. त्यांतले शक्य किती आणि अशक्य किती, हे आयुष्यभर तपासत राहिलेला एक माणूस कर्णबधिर शाळामास्तर होता, याचे आम्हां शिक्षकांना विशेष अगत्य वाटते.

कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म १८५७ साली रशियातील इझेव्हस्कोये या गावी झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तापाने त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी हिरावून नेली. पुढे शाळा सुटली, आईही वारली. सोळाव्या वर्षी ते मॉस्कोला गेले आणि पाव खाऊन, ग्रंथालयात बसून, कोणत्याही महाविद्यालयाविना गणित व पदार्थविज्ञान शिकले. शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी प्रथम बोरोव्हस्क व १८९२ पासून कालुगा येथे अध्यापन केले. ऐकण्यासाठी पत्र्याचे कर्णे ते स्वतःच तयार करीत.

ज्यूल व्हर्न यांच्या कथांनी त्यांना अवकाशाची ओढ लावली. व्हर्न यांच्या १८६५ च्या कादंबरीत माणसांना चंद्राकडे धाडण्यासाठी नऊशे फूट लांबीची तोफ घडवली जाते. हा हिशेब आपली दहावीची मुलेही करू शकतील. सुमारे २७० मीटरच्या नळीत सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा, तर प्रवाशावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. गोळा उडेल; आतला माणूस जिवंत राहणार नाही. त्सिओल्कोव्हस्कींनी कथा टाकून दिली नाही, तोफ तेवढी नाकारली. १९०३ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी तिच्या जागी द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणारे, हळूहळू वेग वाढवणारे अग्निबाण सुचवले आणि त्याच्या वेगाचे समीकरणही मांडले.

त्यांनी स्वतःही कथा लिहिल्या. १८९३ च्या चंद्रावरील कथेत आकाश काळे आहे, आवाज पोहोचत नाही, वजन एक षष्ठांश उरते. १९२० साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत हिमालयातील एका वाड्यात जमलेले नाना देशांचे शास्त्रज्ञ यान बांधतात. कथा म्हणून ती रुक्षच वाटते. पात्रे एकमेकांना पाठ शिकवीत बसतात. मास्तरकी लपत नाही!

त्यांची सर्वच मते मात्र आम्हांस मान्य नाहीत. माणसांची निवड करून श्रेष्ठ वंश घडवावा, असेही त्यांनी लिहिले. जन्मावरून माणसाची प्रत ठरवण्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजातील आम्ही हा विचार ठामपणे नाकारतो. यंत्राला लावलेली कसोटी त्यांनी या कल्पनेला का लावली नाही, हा प्रश्न उरतोच.

पंचाहत्तरी उलटल्यावर दिग्दर्शक वासिली झुराव्हल्योव्ह यांच्या चंद्रप्रवासावरील मूकपटाला त्यांनी सल्ला दिला. १९३३ मध्ये यानाच्या आतील हालचाली दाखवणारी चित्रे त्यांनी वहीत काढून दिली : वजन हरपल्यावर माणूस कसा तरंगेल, दार कोठून उघडेल, उड्डाणाचा धक्का सोसण्यासाठी प्रवासी द्रवाने भरलेल्या टाकीत कसे राहतील. चित्रपटात या टाक्या दिसतात. चंद्रावरच्या लांब उड्या बाहुल्या हलवून चित्रित केल्या गेल्या. १९ सप्टेंबर १९३५ रोजी त्सिओल्कोव्हस्की कालुग्यात निवर्तले. चित्रपट पडद्यावर आला तो १९३६ च्या जानेवारीत.