कानातली ऐरण

हातोडी, ऐरण आणि रिकीब. शाळेत कानाची आकृती काढताना ही तीन हाडे आपण सर्वांनी पाठ केली. यातल्या एकाला ऐरणीची उपमा दिली ती आंद्रेआस व्हेसॅलियसने. जन्म १५१४, ब्रुसेल्स. वडील सम्राटाच्या पदरी औषधे तयार करीत.

पॅरिसला तो सिल्व्हियस या गुरूंकडे शिकला. तेव्हा शरीरशास्त्रात तेराशे वर्षांपूर्वीच्या गॅलेनचा शब्द म्हणजे वेदवाक्य. १५३७ मध्ये, ऐन तेविशीत पादुआला अध्यापक झाल्यावर व्हेसॅलियसने सुरी स्वतःच्याच हाती घेतली. आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते, वही कितीही नेटकी असो, तिजोरीतली रोकड मोजावीच लागते. त्याने ती मोजली आणि शिल्लक जुळेना! गॅलेनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा. प्रेतात निघाले एकच. गॅलेनने चिरली होती ती माकडे आणि इतर जनावरे.

१५४३ मध्ये बाझेलला त्याचा सचित्र ग्रंथ छापून निघाला. एकाच हाडाला दहा जण दहा नावे देत. त्याने ग्रीक, लॅटिन, अरबी, हिब्रू नावे शेजारी-शेजारी मांडली.

गुरू संतापले. १५५१ मध्ये त्यांनी शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला वेडा ठरवणारी पुस्तिका काढली. गंमत पाहा, शिष्याने स्नायूंना बहुतेक नुसते आकडेच दिले होते. डॉक्टरांच्या तोंडची कितीतरी नावे या रागीट गुरूंनीच ठेवलेली आहेत.

१५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना व्हेसॅलियस झाकिन्थोस बेटावर वारला. समेट राहूनच गेला. गुरू नऊ वर्षे आधीच गेले होते.