सरकारी की खाजगी? बाबासाहेबांनी दोन्ही पाहिल्या होत्या

पदवी हातात पडली की आपल्या घरांत एकच प्रश्न सुरू होतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, की मिळेल त्या कंपनीत लागायचे? आई-वडिलांना सरकारी नोकरीची शाश्वती हवी असते आणि मुलांना वय निघून जाण्याची भीती असते. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही वयाच्या सव्विसाव्या वर्षी पोटापाण्याच्या या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते.

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते १९१७ मध्ये मायदेशी परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला रुजू झाले. अधिकाराची जागा होती, पण शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. राहायला कुणी घर देईना, म्हणून ते पारशी लोकांच्या एका विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्यांनीही आसरा नाकारला. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी एका बागेत काढला. ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो.

मुंबईत आल्यावर त्यांनी खाजगी वाट धरली. शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. ज्ञान अस्सल होते, त्यामुळे गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद पडली. सरकारी कचेरीत जात आड आली, तशी ती बाजारातही आड आली. बाजार फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणाऱ्यांनी ही पेढी आठवावी.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची सरकारी नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. प्राध्यापकांसाठीच्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप तिथेही निघालाच. तरीही विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करत. एवढा पगार असूनही घर मात्र परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. माता रमाई काटकसरीने संसार चालवत होत्या आणि उरलेला पैसा लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी साठत होता.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. बाबासाहेब सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून त्यांचे नाव लागू शकले नाही, ते पांडुरंग भटकरांचे लागले. समाजाचे तोंड व्हायचे, तर ही खुर्ची आड येणार हे उघड होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले आणि त्याच वर्षी पुढे डी. एस्सी.ही मिळाली.

आता त्यांनी निवडली वकिली. सुरुवातीला कामे कमी होती, म्हणून एका खाजगी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. उत्पन्न बेभरवशाचे होते, पण वेळ आणि वाणी दोन्ही स्वतःच्या मालकीची होती. म्हणूनच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जाताना कुणा साहेबाची परवानगी मागावी लागली नाही.

याचा अर्थ बाबासाहेब सरकारी नोकरीच्या विरोधात होते, असा मुळीच नाही. पुढे ते सरकारी विधि महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या पाठपुराव्याने १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. सत्तेच्या कचेरीत आपली माणसे बसलीच पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी जी व्यथा मांडली, तीही नोकरदारांचीच होती. शिकून मोठ्या जागांवर गेलेले लोक स्वतःच्या संसारात गुंतले आणि समाजाला विसरले.

तरुण मित्रांनो, सरकारी परीक्षा द्या, कंपनीत जा किंवा स्वतःचा धंदा काढा. बाबासाहेबांनी या तिन्ही वाटा चालून पाहिल्या. प्रत्येक वेळी पगारातून आणि वेळेतून पुढच्या कामासाठी काय उरते, याचा हिशेब त्यांनी मांडला. नेमणुकीचे पत्र हातात आल्यावर तो हिशेब आपणही एकदा मांडावा.

जय भीम! नमो बुद्धाय!